राजीखुशीने

गेल्या वर्षी जूनमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा एक हक्कसोडपत्र पूर्ण वाचलं. तालुक्याच्या ठिकाणी, दस्तलेखकाच्या पत्र्याच्या टपरीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. सोबत आई, भाऊ, दोन्ही आत्या आणि दोन साक्षीदार होते. चहा झाला होता. सगळ्यांना काम लवकर उरकायचं होतं, कारण धाकट्या आत्याला एकची एसटी गाठायची होती.

कागदात लिहिलं होतं की आम्ही तिघी, म्हणजे दोन आत्या आणि मी, आजोबांच्या जमिनीतला आमचा हिस्सा 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता' माझ्या भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहोत.

'राजीखुशीने' या शब्दावर मी अडकले. शेजारी बसलेल्या मोठ्या आत्याला हळूच विचारलं, "आत्या, तू राजीखुशीनं सोडतीयस का?"

ती म्हणाली, "मग काय रडत सोडू व्हय?"

सगळे हसले. मीही हसले. पण तेव्हा डोक्यात जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. काळी जमीन, पावसाळा सरता सरता पेरायची मालदांडी ज्वारी, विहिरीला पाणी असेल तर थोडा कांदा. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली ७ एकर. माझे वडील त्यांचे एकुलते एक मुलगे. ते आजोबांच्या आधीच गेले. मग आजोबा गेले. तलाठ्याकडे वारसनोंद झाली तेव्हा सहा नावं लागली: आजी, दोन आत्या, आणि वडिलांच्या जागी आई, मी आणि माझा धाकटा भाऊ.

मी हिशोब केला होता. चार वाटे होतात: आजीचा एक, आत्यांचे दोन आणि वडिलांचा एक. वडिलांच्या वाट्यात आम्ही तिघं. म्हणजे ७ एकरांतले, २८० गुंठ्यांतले, माझे तेवीस गुंठे आणि वर थोडं. एकेका आत्याचे ७० गुंठे, म्हणजे पावणेदोन एकर.

माझ्या तेवीस गुंठ्यांत मी पुण्यात बसून काय करणार होते? काहीच नाही. मला शेती येत नाही. पेरणीच्या दिवसांत मी घरी फोन करून 'पाऊस झाला का?' विचारते, तेवढाच माझा शेतीशी संबंध. त्यामुळे आई म्हणाली, "सही करून टाक गं, कशाला उगाच नाट लावतीस," तेव्हा तिचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही.

तरी मी सही केली नाही. "मला थोडा वेळ द्या," असं म्हणाले. दस्तलेखकानं माझं नाव काढून कागद पुन्हा टाइप केला. आत गेल्यावर आत्यांचे फोटो निघाले, अंगठे मशीनवर टेकले, अर्ध्या तासात त्यांचे साडेतीन एकर गेले. एकची एसटी मिळाली. घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही.

आता एक कबुली. मी तशी 'फेमिनिस्ट' म्हणून ओळखली जाणारी मुलगी आहे. आठ मार्चला ऑफिसात गुलाबाचं फूल वाटतात तेव्हा 'फूल नको, प्रमोशन द्या' म्हणणारी. मित्रांबरोबर जेवायला गेल्यावर बिल वाटून घेणारी. 'बायकांना गाडी चालवता येत नाही' असं कोणी म्हटलं की तिथल्या तिथे भांडणारी. हे सगळं मी मनापासून करते. पण त्या टपरीत बसल्यावर लक्षात आलं की या सगळ्याची मला आजवर फारशी किंमत मोजावी लागलेली नाही. उलट त्यातून चार मैत्रिणीच मिळाल्या. इथे मात्र समोर माझी आई होती, आणि नाही म्हटलं तर रात्री तिच्याच हातचं जेवायचं होतं.

कायद्याची बाजू सरळ आहे. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेबद्दल त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र मुलगी जन्मानं हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये कायदा बदलून अविवाहित मुलींना तो हक्क दिला, २००५ मध्ये देशभरातल्या मुलींना मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही.

म्हणजे आमच्या आत्यांचा हक्क त्यांच्या जन्माच्या आधीपासून पुस्तकात होता. तो तिथून काढून घ्यायला कोणालाही गुंडगिरी करावी लागली नाही. एक कागद, नाममात्र मुद्रांक शुल्क, आणि तो एक शब्द: राजीखुशीने.

मला कळेना की हा शब्द खोटा आहे का. आत्याला कोणी धमकावलं नव्हतं. ती स्वतःच्या पायानं आली, नवी साडी नेसून आली, भावाच्या मुलासाठी खाऊ घेऊन आली. तिला दुःख झालेलं दिसत नव्हतं. मग मी कोण ठरवणारी की तिची खुशी खरी नाही? शहरात शिकलेल्या मुलींची ही एक वाईट खोड असते, गावाकडच्या बाईला तिचंच मन समजावून सांगायची. मला ती करायची नव्हती. म्हणून मी त्या रात्री तिला फोन केला आणि नीट विचारलं.

ती म्हणाली, "हे बघ. जमीन घेतली असती तर मी कसायला येणार होते का? नाही. भाऊ नाही राहिला, पण भाच्याचं घर तरी उघडं राहावं. वर्षातनं दोनदा यावं, पंचमीला यावं, दोन दिवस निजावं. कागदावर काय बी असू दे, मला माहेर पायजे."

हे बोलणं भाबडं नाही. त्यात पक्का हिशोब आहे. आपल्याकडे बाईवर वाईट वेळ येते, नवरा मारतो, नवरा जातो, सासरचे बाहेर काढतात, तेव्हा तिला जायला एकच जागा असते. त्या जागेचा हप्ता म्हणून आत्यानं पावणेदोन एकर भरले. माझी आईही तिच्या माहेरी अशीच सही करून आलेली आहे. आजीच्या वेळी तर सहीचीही गरज पडली नव्हती.

पण मग हा हप्ता फक्त बहिणींनीच का भरायचा? माझ्या भावाला या घरात राहण्यासाठी काही सोडावं लागलं नाही. घर त्याचं आहेच. आत्याला त्याच घरात दोन दिवस निजायला पावणेदोन एकर लागले.

आणखी एक गोष्ट मला नंतर जाणवली. आजी आणि आई यांना कोणी हक्क सोडायला सांगितलं नव्हतं. त्यांची नावं सातबाऱ्यावर राहणार होती. का? कारण त्या घरातून कुठे जाणार नाहीत, आणि त्यांच्यामागून ते नाव पुन्हा भावाकडेच येईल असं सगळे धरून चालले होते. म्हणजे भीती बाईच्या नावाची नव्हती. बाईबरोबर जमीन घराबाहेर जाईल, याची होती.

हे मी भावाशी बोलले. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. चिडला होता, पण बोलला. त्याचे मुद्दे तुम्ही तुमच्याही घरात ऐकले असतील. पहिला: आत्यांच्या लग्नात खर्च झाला, तोच त्यांचा वाटा. मी म्हटलं, त्या खर्चातलं आत्यांच्या हातात काय आलं? मांडव, जेवणावळ, जावयाचा पोशाख, सासरच्यांचे मानपान. लग्न तर पप्पांचंही झालं होतं, त्यांचा वाटा का कापला नाही?

दुसरा मुद्दा: म्हाताऱ्यांना सांभाळतो तो मुलगा. यावर मला जरा वेळ लागला, कारण हा मुद्दा न्यायाचा आहे. जो करतो त्याला मिळावं, हे मला पटतं. पण आजोबा दीड वर्ष अंथरुणावर होते. त्यांचं अंग पुसणं, चादर बदलणं, भात मऊ करून भरवणं, रात्री उठणं हे कोणी केलं? आईनं. आपल्या घरांत 'मुलगा सांभाळतो' म्हणजे बहुतेक वेळा सून सांभाळते. सांभाळणाऱ्याला जमीन, हा नियम खरंच लावायचा असेल तर सातबाऱ्यावर सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात मोठं नाव माझ्या आईचं हवं.

भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, मला तरी कुणी विचारलं होतं का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वडील गेले तेव्हा तो सोलापुरात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. ते सोडून तो गावी आला. घरात पुरुष हवा, शेत बघायला कोणीतरी हवं, म्हणून. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागले होते आणि 'ताईची नोकरी नको सोडायला' असं सगळ्यांनी, त्यानंही, म्हटलं होतं. त्याच्याकडून कुठल्या कागदावर सही घेतली नव्हती. घेतली असती तर त्यातही राजीखुशीनेच लिहिलं असतं.

तेव्हापासून मी या शब्दाची एक साधी परीक्षा करते. एखाद्या गोष्टीला कोणी हो म्हटलं, की स्वतःला विचारायचं: ती नाही म्हणाली असती तर काय झालं असतं? उत्तर 'काही नाही, थोडं वाईट वाटलं असतं' असं असेल, तर तिचा होकार हा होकार. उत्तर 'बोलणं बंद झालं असतं, येणं-जाणं तुटलं असतं, गावात नाव झालं असतं' असं असेल, तर तिनं तो होकार हसत दिला की रडत दिला यानं फरक पडत नाही. आपल्याकडे त्यागाला फार मान आहे, आणि असावा. पण जे ठेवून घेता येतच नव्हतं, ते सोडलं याला त्याग कसं म्हणायचं? आत्याला आधी तिचे पावणेदोन एकर खरोखर मिळू शकले असते आणि मग तिनं ते भाच्याला दिले असते, तर ती देणगी झाली असती. माझ्या भावालाही ती देणगी म्हणून मिळाली असती. आता त्याला वाटतं, ते त्याचंच होतं, फक्त कागद नीट केला.

ही परीक्षा जमिनीपुरती राहिली नाही. पाहुणे आले की मी आपोआप उठते. कोणी सांगत नाही. ऑफिसात मीटिंगचे मुद्दे लिहून घ्यायला 'तुझं अक्षर छान आहे' म्हणून मलाच सांगतात आणि मी बरं म्हणते. लहानपणी मटणाच्या रस्स्यातली नळी कोणाची, खिडकीजवळची जागा कोणाची, घरातला एकच स्मार्टफोन संध्याकाळी कोणाकडे, हे सगळं भांडण न होता ठरलेलं होतं. आई मला म्हणायची, "तू शहाणी आहेस ना?" आणि मी शहाणी असायची. रजिस्टर हक्कसोडपत्राच्या आधी आम्ही मुलींनी अशी तोंडी हक्कसोडपत्रं शेकड्यांनी करून दिलेली असतात. त्याचा इतका सराव होतो की शेवटच्या कागदावर अंगठा टेकताना हात थरथरतही नाही.

या छोट्या गोष्टींवर मी लिहिते तेव्हा 'एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस' असं ऐकावं लागतं. पण एवढ्याशा गोष्टी मोजल्यावर काय होतं ते सरकारच्याच पाहणीत आहे. २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. यातल्या किती मिनिटांना 'नाही' म्हणायची सोय होती, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आणि 'नाही' म्हणायला नुसतं धाडस पुरत नाही. इथे मला रखमाबाई आठवतात. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुंबईची मुलगी. मोठी झाल्यावर तिनं नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्यानं दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, ती विलायतेत शिकून डॉक्टर झाली आणि पुढे सुरत आणि राजकोटमध्ये तिनं अनेक वर्षं काम केलं. शाळेच्या पुस्तकात आपण तिचं धाडस वाचतो. पण तिच्या गोष्टीत आणखी एक तपशील आहे: तिच्या वारलेल्या वडिलांची मालमत्ता तिच्या नावावर आलेली होती, आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन तिच्या बाजूनं उभे राहिले होते. तिच्या 'नाही'ला राहायला घर होतं. धाडस तर माझ्या आत्यातही आहे. तिनं दुष्काळात दोन म्हशी आणि तीन पोरं एकटीनं सांभाळली. तिच्या 'नाही'ला मात्र जागा नव्हती.

महाराष्ट्रात ही जागा करून देण्याचे प्रयत्न झालेले आहेत. शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं, आणि पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम मांडला: शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वतःहून बायकोच्या नावावर करावा. अनेक शेतकऱ्यांनी तो केला. मला त्यातली दिशा महत्त्वाची वाटते. नेहमी बाई पुरुषाला सोडून देते. इथे पुरुषानं सोडायचं होतं.

आता माझ्या तेवीस गुंठ्यांचं काय झालं ते सांगते. सही न केल्यामुळे माझं नाव राहिलं. राखीपौर्णिमेला मी गेले. आईनं पुरणपोळी केली होती, पण बोलण्यात एक थंडपणा होता. शेजारची काकू येऊन म्हणाली, "पुण्याला फ्लॅट घ्यायचा असंल," आणि आईनं ते खोडून काढलं नाही. त्या रात्री मला वाटलं, करून टाकावी सही. काय मिळवलं मी? तेवीस गुंठ्यांसाठी आईचा चेहरा घालवला.

मग सप्टेंबरच्या शेवटी भावाचा फोन आला. म्हणाला, "तुझं नाव ठेव, मी काही म्हणत नाही. पण मग बियाणं, खत आणि ट्रॅक्टर यांचा तुझ्या वाटणीचा खर्च दे. विहिरीची मोटार जळाली आहे, तिचाही."

मला पहिल्यांदा रागच आला. मग लाज वाटली. कारण मी हक्काचा विचार केला होता, मोटारीचा केला नव्हता. माझ्या डोक्यात ते तेवीस गुंठे एखाद्या झेंड्यासारखे होते. भावाच्या डोक्यात ती जमीन होती, जिला पाणी लागतं. त्यानं मला बहीण म्हणून समजून घेतलं नाही की हाकललंही नाही. हिस्सेदाराशी बोलावं तसा तो बोलला. आमच्या घरात कुठल्या पुरुषानं बाईशी जमिनीबद्दल असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी पैसे पाठवले. तेव्हापासून तो मला भाव विचारतो, मी मोबाइलवर बघून सांगते. एकदा कांदा लावायचा की नाही यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी हरले. बरं वाटलं.

हे वाचून 'म्हणजे सगळ्या मुलींनी वाटा घ्यायलाच हवा का?' असं कोणी विचारेल. मला तसं म्हणायचं नाही. कदाचित पाच वर्षांनी मीही माझे गुंठे भावाला देईन. त्यानं डिप्लोमा सोडला याची माझ्यावर काहीतरी बाकी आहे, असं मला वाटतं. पण तेव्हा ते देणं असेल, कारण न देणंही मला करून बघता आलंय. तुमच्या घरात असा कागद पुढे आला, आणि त्यावर तुमच्या बहिणीची, आत्याची किंवा आईची सही हवी असेल, तर तिला 'सही करशील ना?' असं विचारू नका. 'नाही म्हणालीस तरी दिवाळीला येशील ना, आम्ही न्यायला येऊ,' हे आधी सांगा. आणि ते खरं करा. मग विचारा.

भाऊबीजेला मोठी आत्या आली होती. ओवाळून झाल्यावर आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. तिनं इकडे तिकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "का गं, तो कागद मोडता येतो का?"

मी सांगितलं, अवघड असतं. नोंदणी झाली की कोर्टात जावं लागतं, फसवणूक किंवा दबाव होता हे सिद्ध करावं लागतं. तुझ्यावर दबाव होता का?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पदरानं हात पुसत उठली.

"न्हाई," ती म्हणाली. "मोडायचा न्हाई मला. नुसतं इचारलं."